दोन-दहाची

झोळीची दोरी उजव्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळून मी दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि पडद्यावर ती ओळ दिसली. फंक्शनच्या नावावर, बारीक करड्या अक्षरांत: संदर्भ शून्य. म्हणजे एवढ्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये ह्या तुकड्याला कुठूनही कुणी बोलावत नाही.

तुकड्याचं नाव होतं ‘शांत_का’.

मिहिका तेव्हा सात महिन्यांची होती. आम्ही सांगलीला, विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. सौमित्र सकाळी आठलाच कारखान्यात जायचा आणि मी पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करायचे. कागदोपत्री नऊ ते सहा, पण खरं काम व्हायचं ते पोरगी दुपारी निजायची तेव्हा. एक ते तीन, फार तर सव्वातीन. तेवढ्यात खाली भंगारवाला ओरडला की मी मनातल्या मनात त्याच्या हातापाया पडायचे.

आमची कंपनी लहान. लहान गावांतल्या रुग्णालयांमध्ये नवजात बाळांच्या वॉर्डात ज्या गरम पेट्या असतात, त्यांचं तापमान क्षणाक्षणाला टिपायचं, ते नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर दाखवायचं, आणि काही बिघडलं की घंटा वाजवायची, एवढंच आमचा प्रोग्रॅम करायचा. मिहिका स्वतः जन्मल्यावर नऊ दिवस अशाच एका पेटीत होती. हे मी कंपनीत कुणाला सांगितलं नव्हतं. बाळंतपणाच्या रजेवरून परत आलेल्या बाईकडे लोक आधीच जरा जपून बघतात.

तुषारनं, म्हणजे आमच्या टीमच्या प्रमुखानं, मला परतल्यावर पहिलं काम दिलं ते झाडलोटीचं. दहा वर्षांचा जुना कोड, त्यात चौघापाचजणांनी भर घातलेली, निम्मं काय आहे कुणाला माहीत नाही. जे वापरात नाही ते शोधून काढून टाकायचं आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत नवी आवृत्ती द्यायची. इतक्यात मोठ्या जबाबदारीचं काम नको असेल तर हे बरं, असं तो चांगल्या मनानंच म्हणाला. मला ते झोंबलं.

माझा एडिटर कॉलेजपासूनचा. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माउसला हात लावायचा नाही. त्याला एवढ्या कोडमधलं काही कळायचं नाही. त्याच्या लेखी सगळी नुसती अक्षरं. म्हणून मी त्याला एक प्लगइन जोडलं. ते मागे एक वेगळा प्रोग्रॅम चालू ठेवतं, तो सगळा कोड वाचून काढतो आणि मग एडिटरला कोडची भाषा कळू लागते. तीन दुपारी त्या जोडणीतच गेल्या, एका फोल्डरचा पत्ता चुकला होता म्हणून. पण चौथ्या दुपारी पडद्याला एकदम जाग आली. लग्नघरात एक आत्या असते ना, कोण कुणाची, कुठून आली, कुणाशी बोलत नाही, सगळं तोंडपाठ, तसं. एखाद्या नावावर थांबलं की ते कुठे जन्मलं ते दिसायचं, कुणी लिहून ठेवलेली टीप उघडायची, आणि ज्याला कुणीच बोलावत नाही ते नाव आपोआप करडं पडायचं.

करडं ते मेलेलं. तुषारचे शब्द. उचल आणि टाक.

आठवडाभरात मी साठ तुकडे उचलून टाकले. प्रत्येक वेळी प्लगइनला विचारायचे, ह्याला कोण बोलावतं? कुणी नाही, म्हणालं की पुसायचं. पुसल्यावर कुठेही लाल रेघ उमटायची नाही. फार समाधानाचं काम होतं ते. निजलेल्या पोरीच्या शेजारी बसून घर आवरल्यासारखं.

एकसष्टावा ‘शांत_का’. त्याच्यावर थांबले तेव्हा टीप उघडली. इतर टिपा इंग्रजीत असायच्या, ही मराठीत होती. चारच शब्द. ‘मी नसले तरी विचार.’

पुसण्याची कळ दाबायला बोट उचललं होतं, ते तसंच राहिलं.

उगाच म्हणून मी नोंदींची फाईल उघडली. चाचणीसाठी कोकणातल्या एका तालुक्याच्या रुग्णालयाकडून महिनाभराच्या नोंदी आमच्याकडे आलेल्या होत्या. प्रोग्रॅमनं कधी काय केलं त्याच्या हजारो ओळी. मी त्यात ते नाव शोधलं. सापडणार नाही अशी खात्री होती.

सापडलं. तीस वेळा. रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, एक ओळ: शांत का? आणि तिच्याखाली एक: आहे.

रविवारी तेच. सुट्टीच्या दिवशीही तेच. ज्याला सगळ्या कोडमध्ये कुणी बोलावत नव्हतं, ते रोज दोन-दहाला ओ देत होतं.

मी घड्याळात पाहिलं. दोन वाजून अकरा मिनिटं झाली होती. झोळी केव्हाच स्थिर झाली होती. मी उठले, झोळीच्या साडीचा पदर बाजूला करून मिहिकाच्या नाकाशी बोट धरलं. कोमट वारा लागला. मग परत येऊन बसले.

तुषारला फोन केला तेव्हा तो जेवत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि हसला. शरयूचं काहीतरी असेल, म्हणाला. शरयू खानविलकर नावाची मुलगी होती आमच्याकडे, त्या रुग्णालयाचं काम तिनंच बसवलेलं. हुशार, पण जरा एकलकोंडी. तीन वर्षांपूर्वी गेली, आजारात. मी नोंदींचं पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, जुनी चाचणी असेल, तिनं कुठेतरी वेळ लावून ठेवली असेल. मग वर म्हणाला, “ऋजुता, पोरगी झोपली की तू पण झोपत जा गं थोडी.”

त्या एका वाक्यानं सगळं केलं. मी परत बसले आणि ‘शांत_का’ पुसलं. लाल रेघ कुठेही उमटली नाही. शुक्रवारी कंपनीतल्या नव्या पद्धतीच्या पेट्यांवर चाचणी घेतली, ती पहिल्या फटक्यात पार पडली. तुषारनं सगळ्यांच्या देखत शाबासकी दिली. सोमवारी सकाळी अकरा वाजता कोकणातल्या त्या रुग्णालयात नवी आवृत्ती चढली.

त्या आठवड्यात कंपनीच्या मदत-क्रमांकावर येणारे फोन घ्यायची पाळी माझी होती. सोमवारी दुपारी मिहिका नेहमीपेक्षा लवकर, साडेबारालाच निजली. फोन वाजला तेव्हा दोन वाजून चोवीस मिनिटं झाली होती.

“मदत कक्ष काय?”

मी हो म्हटलं.

“दोन-दहाची आली नाही अजून.”

आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, संथ, प्रत्येक शब्द नीट ठेवणारा. मी म्हटलं, काका, हा एसटी स्टँडचा नंबर नाही.

“ते मला ठाऊक आहे. स्टँडवर एकतीस वर्षं मीच होतो, वाहतूक नियंत्रक.” कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला. “दहा मिनिटं वाट बघितली. मग वॉर्डात फोन केला. त्या म्हणाल्या, सगळं शांत आहे. पुढं लिहिलंय, तुमच्याकडे फोन करून विचारायचं.”

“काय विचारायचं?”

“शांत का.”

माझा पाय थांबला. झोळी दोनदा करकरली आणि तीही थांबली.

कुणी लिहिलंय, असं मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

“शरयूनं. माझी मुलगी.”

मग त्यांनी सांगितलं ते मी ऐकत गेले. रुग्णालयापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. देवाच्या फळीशेजारी तिनं एक खोकं बसवलंय, त्यावर एक दिवा. रोज दोन-दहाला ती विचारते, तिकडून उत्तर येतं आणि दिवा हिरवा लागतो. उत्तर आलं नाही तर तांबडा, आणि येईपर्यंत ती विचारत राहते. तीन वर्षांत एकदाही चुकली नाही. वीज गेली तर ते खोकं बॅटरीवर लावतात. आज तांबडा.

ते सारखं ‘ती विचारते’ म्हणत होते. ‘विचारायची’ नाही.

मी म्हटलं, काका, तो एक जुना तुकडा होता, वापरात नव्हता, मीच काढून टाकलाय. म्हणून दिवा तांबडा झाला असेल. काळजीचं काही नाही. सांगताना माझाच आवाज मला तुषारसारखा वाटला.

ते म्हणाले, “बाय, तू घरी आहेस काय? मघाशी झोळीची करकर आली.”

“हो.”

“मूल निजलंय?”

“हो. दोन तास होतील.”

“मूल लई वेळ गप्प राहिलं की तू काय करतेस?”

मी सांगितलं, नाकाशी बोट धरते.

“मग तेवढंच सांग त्यांना,” ते म्हणाले आणि त्यांनीच फोन ठेवला.

मी वॉर्डाचा नंबर लावला. कदम नावाच्या सिस्टर होत्या. एकट्या, सहा बाळं, त्यात दुपारची वेळ. जरा वैतागल्याच. आत्ताच एका आजोबांचा फोन येऊन गेला, ते अधूनमधून करतात म्हणे, मुलगी गेल्यापासून जरा तसेच आहेत. घंटा वाजलेली नाही. पडद्यावरचे आकडे सगळे उत्तम.

मी म्हटलं, वाचून दाखवता का? त्यांनी वाचले. छत्तीस पूर्णांक सहा. छत्तीस पूर्णांक आठ. छत्तीस पूर्णांक पाच. सहाही बाळांचे. मी लिहून घेतले आणि म्हटलं, एक मिनिट थांबून पुन्हा वाचा. त्यांनी सुस्कारा सोडला, पण वाचले. छत्तीस पूर्णांक सहा. छत्तीस पूर्णांक आठ. छत्तीस पूर्णांक पाच.

एकही बदलला नव्हता.

मिहिका पेटीत होती ते नऊ दिवस मी काचेबाहेर बसून तो शेवटचा आकडा बघत होते. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. सहाचा सात होतो, सातचा पाच, परत सहा. बाळ हललं तरी बदलतो, नर्सनं झरोका उघडला तरी बदलतो. तो कधी, कधीच, एक मिनिटभर स्थिर राहत नाही. त्याचं हलणं म्हणजेच बाळ होतं माझ्यासाठी.

“सिस्टर, ते आकडे आत्ताचे नाहीत. सकाळचे आहेत. पडदा सोडा, प्रत्येक बाळाला हात लावून बघा. पायाला.”

त्यांनी वाद घातला नाही. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग चपला. चपला थांबल्या. काच सरकली. पुन्हा चपला. दुसरी काच. मी मोजत होते. मागे माझ्या खोलीत काहीच आवाज नव्हता. पंख्याचासुद्धा नाही, वीज गेली होती केव्हातरी. लॅपटॉप बॅटरीवर आला होता. मी अंगठ्यानं दोरी ओढली. झोळी हलली, आत काही हललं नाही. पुन्हा ओढली.

तिसरी काच. चौथी.

“अगो बाई,” एवढंच लांबून ऐकू आलं आणि मग चपला पळत गेल्या.

फोन कानाला तसाच ठेवून मी झोळीपर्यंत गेले. फोनची वायर नव्हती, तरी वायर ताणली जातेय असं वाटत होतं. पदर बाजूला केला. मिहिका डोळे उघडे ठेवून पडली होती, अगदी शांत, छताकडे बघत. मी बोट धरायच्या आधीच तिनं ते मुठीत पकडलं.

तिला कडेवर घेऊन मी लॅपटॉपशी परतले आणि एका हातानं जुनी आवृत्ती परत चढवली. घरातलं इंटरनेट विजेबरोबर गेलेलं, म्हणून मोबाइलचं जोडून. फोन चालूच होता. सतरा मिनिटं लागली. त्या वेळात मी साठ तुकड्यांची यादी पुन्हा बघितली आणि त्यात तो सापडला, बाविसावा. जुन्या पद्धतीच्या पेट्यांवरून, म्हणजे त्या रुग्णालयात होत्या तसल्या, ताजे आकडे आत आणणारा. त्यालाही कोडमध्ये कुणी बोलावत नव्हतं. जुन्या पेट्यांना जोडलेलं यंत्र बाहेरून, साध्या यादीतलं नाव वाचून त्याला हाक मारायचं. प्लगइनला घरातली सगळी माणसं ठाऊक होती. दाराबाहेरून कोण हाक मारतं हे त्याला दिसत नव्हतं. आणि मी दार उघडून पाहिलं नव्हतं. सकाळी अकरापासून पडदा अकराचेच आकडे दाखवत होता. आकडे चांगले, म्हणून घंटा गप्प.

चौथ्या पेटीची तापती तार कधीतरी दीडच्या सुमाराला जळाली होती.

आवृत्ती चढली त्याच सुमाराला वॉर्डात ती घंटा वाजायला लागली, खणखणीत, फोनमधून माझ्या खोलीत. आणि तिच्यामागे एक बारीक, चिडलेलं रडणं. सिस्टर परत आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. बाळाचे पाय पार गार पडले होते, ओठ निळसर. त्यांनी त्याला त्याच्या आईच्या उघड्या छातीवर झोपवून वरून दोन गोधड्या घातल्या, डॉक्टर आले आहेत. आता रडतोय, म्हणाल्या. मग विचारलं, मॅडम, तुम्हाला कसं कळलं?

रडणं ऐकून मिहिकानंही सूर लावला.

खानविलकर काकांना मी फोन करणार तोच त्यांचा आला.

“आली,” ते म्हणाले. “दोन-बावन्नला. बेचाळीस मिनिटं लेट.”

मी म्हटलं, काका, चूक माझी होती. त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बाळाचं विचारलं. मग, मी न विचारता, सांगितलं. शरयूला मुलगा झाला होता, ह्याच वॉर्डात, आठव्या महिन्यात. तेव्हा वेगळं यंत्र होतं, वेगळ्या कुणाचं. घंटेची तार सुटलेली, कुणाला पत्ता नाही. ती दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून होती. जाता-येता प्रत्येकाला विचारायची आणि प्रत्येकजण सांगायचा, घंटा वाजली नाही, म्हणजे सगळं शांत आहे. संध्याकाळी पाळी बदलली तेव्हा नव्या नर्सनं हात लावून बघितला.

“मग ती तुमच्या कंपनीत लागली,” काका म्हणाले. “चालून आलेल्या बारा-पंधरा नोकऱ्या सोडून. मला म्हणाली, बाबा, घंटा गप्प आहे ती बरी आहे म्हणून की मेली आहे म्हणून, हे कुणीतरी रोज विचारायला हवं. आणि तो विचारणारा त्याच घरातला नको, बाहेरचा हवा. मी म्हटलं, मग मी बघीन. गाडी आली नाही हे बघायचं मला कळतं.”

तुषारला मी सगळं सांगितलं, पुसलेला बाविसावा तुकडा धरून. वाटलं होतं नोकरी जाईल. तो म्हणाला, करडं झालेलं काहीही पुन्हा पुसायचं नाही, आधी बाहेर कोण आहे ते बघायचं. तेव्हापासून आमच्याकडे तो नियम आहे. आणि झोपेबद्दल तो मला परत कधी बोलला नाही.

चौथ्या पेटीतला मुलगा आता बालवाडीत जातो, असं कदम सिस्टर सांगतात.

काका मागच्या चैत्रात गेले. महिन्याभरानं त्यांच्या भाच्यानं एक पार्सल पाठवलं. त्यात ते खोकं होतं, शरयूच्या अक्षरातला घडी पडून फाटलेला कागद, आणि तीन लांबट वह्या, स्टँडवर गाड्यांच्या नोंदीला असतात तशा. रोजची एक ओळ. तारीख, दोन-दहा, आली. तारीख, दोन-दहा, आली. त्या सोमवारची ओळ मी शोधली. दोन-बावन्न, आली. आणि शेरा लिहायच्या रकान्यात माझं नाव. नुसतं ऋजुता. मी त्यांना नाव सांगितल्याचं मला आठवत नाही.

खोकं आता आमच्याकडे आहे, मिहिकाच्या पुस्तकांच्या फळीवर. चौथी वही मी आणली. दुपारी ती झोपत नाही हल्ली. फळीखाली बसून चित्रं रंगवते आणि दिवा बदलला की मला सांगते, आई, आली. मग मी लिहिते. आज तिचा लहान भाऊ झोळीत आहे आणि दोरी पुन्हा माझ्या अंगठ्याला, म्हणून हे एवढं लिहून झालं.

काम करताना कधी त्या जुन्या फाईलमध्ये जावं लागतं. ‘शांत_का’ आहे तिथेच आहे. प्लगइनच्या नव्या आवृत्त्या आल्या, ते पूर्वीपेक्षा पुष्कळ शहाणं झालंय. तरी त्या नावावर आजही बारीक करड्या अक्षरांत तेच येतं: संदर्भ शून्य.

मी तेवढ्यापुरतं घड्याळाकडे बघते. दोन वाजून नऊ मिनिटं झालेली असतात.